कचेरीस जाण्याची मोटार

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. कोथरुडांत राहणारे आमचे एक स्नेही, बँकेंतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के आणि मताला त्याहूनही पक्के, एके दिवशीं सकाळींच आमच्याकडे आले आणि खुर्चीवर बसण्याच्या आधींच म्हणाले, "मोटार घ्यावयाची ठरली आहे. कोणती घ्यावी तेवढें तुम्ही सांगा." या घरांत आजवर मोटार नव्हती. चिरंजीव कंपनीच्या बसनें चाकणला जातात. सूनबाई हिंजवडीस एका संगणक कंपनींत नोकरीला आहेत आणि गेलीं सहा वर्षें त्या आपल्या स्कूटरवरून जात येत असत. जुलैंतील एका संध्याकाळीं वाकडजवळ पाण्यानें भरलेला खड्डा त्यांस दिसला नाहीं. गाडी घसरली, आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकानें वेळेवर ब्रेक दाबला म्हणून केवळ मनगटावर निभावलें. त्या रात्रीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मोटार घेण्याचें ठरलें.

ठरलें खरें, परंतु कोणती, यावर घरांत तीन पक्ष झाले. आमच्या स्नेह्यांच्या मनांत उंच, रुंद, जीपच्या ढंगाची गाडी होती. सोसायटींत आतां तशाच गाड्या उभ्या असतात, हें त्यांनीं आडून सांगितलें. चिरंजिवांस छपरांत उघडणारी कांच हवी होती. त्यांच्या मातोश्रींची मागणी त्यांच्या गुडघ्यांपुरती होती. हें सर्व ऐकून घेतल्यावर आम्ही विचारलें, "आणि सूनबाई काय म्हणतात?" स्नेही जरा थांबले. सूनबाईंना कोणीं विचारलेंच नव्हतें.

मध्यम वर्गाच्या घरांत मोटार ही अजूनही घरासारखी किंवा लग्नासारखी, सर्वांनीं मिळून करावयाची गोष्ट आहे, आणि तें एका परीनें चांगलेंच आहे. परंतु जी मोटार रोज कचेरीस जाण्यासाठीं घ्यावयाची, तिच्यांत रोज दोन अडीच तास कोण बसणार, हा प्रश्न सर्वांच्या शेवटीं नव्हे, सर्वांच्या आधीं विचारला पाहिजे. वर्षांतून एकदां गणपतीला कोंकणांत जावयाचें म्हणून सात माणसांची गाडी घेणारे, आणि उरलेले दिवस तींत एकट्यानेंच बसून क्लच दाबीत चांदणी चौक ओलांडणारे गृहस्थ आमच्या पाहण्यांत कांहीं थोडे नाहींत. कोंकणासाठीं चार दिवस मोठी गाडी भाड्यानें मिळते; रोजच्या कंबरदुखीवर मात्र भाड्याचा इलाज नाहीं.

अशा रोजच्या कामाला आमच्या मतें हॅचबॅकसारखी दुसरी गाडी नाहीं. हॅचबॅक म्हणजे जिच्या मागें सामानाची वेगळी पेटी निघालेली नसते आणि जिचें मागील दार कांचेसकट वर उचललें जातें ती आंखूड मोटार. आपल्याकडे ती घराघरांत पोंचविली मारुती 800 नें. 14 डिसेंबर 1983 रोजीं श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्तें पहिल्या गिऱ्हाइकाला तिची किल्ली देण्यांत आली, आणि 2014 च्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. तिच्यापूर्वीं फियाट किंवा अँबॅसडर नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणारी पिढी आज सत्तरीच्या पुढें आहे. पुण्याला या इतिहासांत स्वतःचा वाटा आहे: 1998 सालीं बाहेर आलेली टाटांची इंडिका पिंपरींत तयार होत असे. आमच्या स्नेह्यांनाही टाटांची टियागो 'आपल्या पिंपरीची' म्हणून जवळची वाटत होती; ती गुजराथेंत साणंदला तयार होते, हें आम्हांला त्यांना सांगावें लागलें, आणि तें त्यांस आवडलें नाहीं.

आतां मापें. आल्टो के-10 ची लांबी 3530 मिलिमीटर, वॅगन-आरची 3655, टियागोची 3765, ग्रँड आय-10 निऑसची 3815, आणि स्विफ्टची 3860. कागदावर हा फरक वीतभराचा. पण जुन्या सोसायटींत दोन खांबांच्यामध्यें गाडी लावतांना वीत म्हणजे काय तें कळतें. तेव्हां घरून निघण्यापूर्वीं आपल्या जागेची लांबीरुंदी टेपनें मोजून घ्यावी. रुंदी विशेषेंकरून, कारण दार उघडून माणसाला बाहेर पडावयाचें असतें. उंचीचा फरक त्याहून महत्त्वाचा आहे. वॅगन-आर 1675 मिलिमीटर उंच, बाकीच्या बहुतेक 1520 ते 1535 च्या आसपास. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना उंच गाडींत 'शिरावें' लागत नाहीं, खुर्चीवर बसावें तसें बसतां येतें. उलट पक्षीं, उंच आणि अरुंद गाडी वेगांत वळण घेतांना बसलेल्यास अधिक झुकल्यासारखी वाटते. महामार्गावर ज्यांना रोज जावें लागतें त्यांनीं हें स्वतः अनुभवून पाहावें.

परंतु मापांत सांपडत नाहीं ती गोष्ट म्हणजे बैठक, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. दुकानांतील गाडींत आपण पांच मिनिटें बसतों. मऊ गादी त्या पांच मिनिटांत सुखाची वाटते. चाळिसाव्या मिनिटाला तीच गादी कंबर सोडून देते. म्हणून बसतांना एवढें पाहावें: मांडी गुडघ्याच्या जवळपर्यंत टेंकते कीं अर्धी अधांतरीं राहते, क्लच पूर्ण दाबतांना पाय ताठ होतो कीं गुडघ्यांत किंचित् वांकलेला राहतो, बैठक खालींवर करण्याची सोय आहे कीं नाहीं, क्लच दाबीत नसतांना डाव्या पायाला टेंकावयास जागा आहे कीं तो तसाच लोंबकळतो. ही उंची बदलण्याची सोय पुष्कळदां सर्वांत स्वस्त प्रकारांत नसते. आमच्या भगिनींनीं तर याविषयीं मुळींच भीड धरूं नये. पांच फूट उंचीच्या चालकाला समोरच्या टपाच्या पुढील रस्ता दिसत नसेल तर ती गाडी कितीही नांवाजलेली असो, त्या चालकासाठीं ती नव्हे. उशी घेऊन बसूं, हा त्यावर उपाय नाहीं. उशी ऐन ब्रेकच्या वेळीं सरकते.

दुसरी गोष्ट गिअरची. कोथरुडाहून हिंजवडी सतराएक किलोमीटर. चांदणी चौकांत 2023 च्या ऑगस्टांत नवा उड्डाणपूल खुला झाला, तरी वाकड आणि भूमकर चौकापाशीं गाड्या गोगलगाईच्या गतीनें सरकतात, आणि तेवढ्या वाटेंत क्लच किती वेळां दाबावा लागतो तें मोजण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. स्वस्त गाड्यांतून 2014 सालीं, प्रथम सेलेरिओंत, एएमटी नांवाची सोय आली. यांत गिअर तेच जुन्या पद्धतीचे असतात. फक्त क्लच दाबणें आणि गिअर बदलणें हें काम एक लहानसें यंत्र संगणकाच्या हुकमानें करतें. त्यामुळें ती मूळ गाडीपेक्षां थोड्याच पैशांनीं महाग पडते आणि पेट्रोलही बहुधा जास्त खात नाहीं. तिचा दोषही सांगितला पाहिजे. गिअर बदलतांना क्षणभर गाडीचा दम तुटतो आणि बसलेल्यांची मान किंचित् पुढें जाते. पायाचा दाब जरा सैल केला कीं हा झटका कमी होतो, आणि हें आठवड्याभरांत अंगवळणीं पडतें. चढावर थांबून पुन्हां निघतांना गाडी मागें घसरूं नये म्हणून ब्रेक क्षणभर धरून ठेवणारी सोय तिच्यांत आहे काय, हें मात्र विचारून घ्यावें. उड्डाणपुलाच्या चढावर, मागें हातभर अंतरावर दुसरी गाडी उभी असतां, या सोयीची किंमत कळते.

चाकांविषयीं थोडें. जाहिरातींत मोठ्या, चकचकीत चाकांना मान असतो. चाकाची धातूची चकती जितकी मोठी तितका तिच्याभोंवतींचा रबरी टायर पातळ, आणि जितका टायर पातळ तितका खड्डा थेट पाठीच्या कण्यापर्यंत. आपल्या रस्त्यांना तेरा चौदा इंचांची चकती आणि जाड टायरच मानवतात. टायर फुटल्यास तो स्वस्तही पडतो.

आतां हिशेब. आमच्या स्नेह्यांचा हा प्रांत, म्हणून त्यांच्या टिपणवहींत उतरवून घेतलेलाच येथें देतों. गाडी एका लिटरला किती जाते, हा आंकडा जाहिरातींत असतो तो चाचणीगृहांत, रुळांवर चाकें फिरवून, ठरलेल्या वेगानें काढलेला असतो. ही चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था 1966 सालीं स्थापन झाली, आणि ती आहे कोथरुडाच्या डोक्यावर, वेताळ टेंकडीवर. म्हणजे जो आंकडा पाहून आमचे स्नेही हर्षित झाले होते त्या आंकड्याचें माहेर त्यांच्या गच्चीवरून दिसतें! परंतु टेंकडीवर वाकडचा चौक नाहीं. छापील आंकडा चोवीस पंचवीस असला तरी गर्दींत एसी लावून पंधरा सोळा पडले तर समाधान मानावें.

तेव्हां पंधरा धरूं. जाऊन येऊन रोज 35 किलोमीटर. वर्षाला 240 दिवस कचेरी धरली तर 8400 किलोमीटर, म्हणजे 560 लिटर पेट्रोल. लिटरला 105 रुपये धरल्यास 58,800 रुपये. हीच गाडी सीएनजीवर किलोला 24 किलोमीटर गेली आणि वायूचा दर 90 रुपये धरला, तर खर्च 31,500. वर्षाला 27,300 रुपयांची बचत. सीएनजीच्या गाडीला आरंभीं नव्वद हजार अधिक मोजावे लागले असें समजलें तर ते फिटण्यास सव्वातीन वर्षें लागतात. हा हिशेब ऐकून चिरंजीव म्हणाले, "बाबा, मग सीएनजीच!" येथें सूनबाई प्रथमच बोलल्या. त्या म्हणाल्या, "पण मला आतां आठवड्यांतून तीनच दिवस जावें लागतें." स्नेह्यांनीं वही पुन्हां उघडली. 144 दिवस, 5040 किलोमीटर. बचत 16,380 वर आली, आणि नव्वद हजार फिटण्याचा काळ साडेपांच वर्षांवर गेला. शिवाय पंपापुढील रांग, सामानाच्या जागेंत बसलेली टांकी, आणि दर तीन वर्षांनीं त्या टांकीची सक्तीची तपासणी. आंकडे ज्याचे त्यानें आपले घालावे; परंतु आंकडे घालण्यापूर्वीं जाणाऱ्या माणसास विचारावें, एवढें या टिपणवहीनें आम्हांस शिकविलें.

विजेच्या गाडीचा प्रश्नही निघाला होता. 2022 पासून टियागो विजेवर मिळते, आणि ठराविक वाटेनें रोज ये-जा करणाऱ्यास ती खर्चाच्या दृष्टीनें अत्यंत सोयीची आहे. मात्र आपल्या उभें राहण्याच्या जागेपर्यंत आपल्या मीटरची तार नेण्याची तजवीज आधीं झाली पाहिजे. आमच्या स्नेह्यांच्या सोसायटींत तो विषय सर्वसाधारण सभेपुढें होता, आणि सर्वसाधारण सभा म्हणजे काय हें वाचकांस सांगणें न लगे.

किमतीच्या बाबतींत लहान गाडी घेणाऱ्यांना 2025 साल अनुकूल गेलें. चार मीटरच्या आंतील आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर पूर्वीं जीएसटी 28 टक्के आणि वर 1 टक्का उपकर असे. तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. त्या दिवशीं घटस्थापना होती. पितृपक्षांत मोटार न घेणाऱ्या मंडळींचा आदल्या पंधरवड्यांतील संयम त्या वर्षीं शास्त्राबरोबर व्यवहारालाही धरून ठरला! दुकानांत सांगतात ती किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत मात्र अंतर राहतेंच. महाराष्ट्रांत दहा लाखांच्या आंतील पेट्रोल गाडीला वाहनकरच 11 टक्के आहे. त्यावर विमा आणि नोंदणी. विमा दुकानदाराकडूनच घेतला पाहिजे असें बंधन नाहीं. बाहेर भाव काढून पाहावा. पायपुसणीं, आच्छादनें, सुगंधी बाटल्या यांची यादी हातीं आली तर ती घडी करून परत द्यावी.

कर्जाविषयीं एकच उदाहरण पुरे. पांच लाख रुपये 9 टक्क्यांनीं पांच वर्षांसाठीं घेतले तर हप्ता सुमारें 10,380 रुपये आणि एकूण व्याज सुमारें 1 लाख 23 हजार. तेंच सात वर्षांवर नेलें कीं हप्ता 8,045 वर उतरतो आणि व्याज 1 लाख 76 हजारांच्या जवळ जातें. दुकानांत हप्ता मोठ्यानें सांगतात आणि मुदत हळू आवाजांत. जुनी गाडी घेण्यांतही कमीपणा नाहीं, आणि हात बसेपर्यंत ती बरीही. फक्त एप्रिल 2023 पूर्वींची असेल तर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल तिला चालतें काय, हें पुस्तिकेंत पाहून घ्यावें.

राहिली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या अपघातामुळें हा विचार निघाला त्याचा या घराला गाडी निवडतांना विसर पडूं लागला होता. छपराच्या कांचेवर अर्धा तास बोलणें झालें आणि एअरबॅगवर एक मिनिटही नाहीं. 2014 सालीं ग्लोबल एनकॅप या संस्थेनें आपल्याकडील पांच लहान गाड्या, एअरबॅग नसलेल्या प्रकारांत, आपटून पाहिल्या, तेव्हां पांचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या रक्षणासाठीं शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली. चाकें न अडकतां ब्रेक लागण्याची एबीएस ही सोय 2019 च्या एप्रिलपासून सक्तीची झाली, चालकाची एअरबॅग त्याच वर्षीं जुलैपासून. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची परीक्षा सुरू झाली. टियागोला 2020 सालीं जुन्या नियमांनीं चार तारे मिळाले. वॅगन-आरला 2023 सालीं अधिक कडक अशा नव्या नियमांनीं एक. दोन्ही परीक्षा सारख्या नव्हत, म्हणून नुसते तारे मोजून तुलना करूं नये, आणि वॅगन-आरमध्यें 2025 पासून सहा एअरबॅगा सर्व प्रकारांत देण्यांत आल्या हेंही लक्षांत घ्यावें. परंतु परीक्षा कोणत्या सालीं, कोणत्या नियमांनीं, आणि किती एअरबॅगांच्या गाडीवर झाली, हे तीन प्रश्न दुकानांत विचारण्याची लाज वाटूं नये. मागें बसणाऱ्यांनींही पट्टा बांधला पाहिजे, हें तर कायदाच सांगतो.

आमच्या सांगण्यावरून सूनबाईंनीं दोन गाड्या निवडून प्रत्येकीची फेरी मागितली. रविवारीं सकाळीं मोकळ्या रस्त्यानें नव्हे, तर बुधवारीं संध्याकाळीं सहा वाजतां, आपल्याच नेहमींच्या वाटेनें. दुकानांतील तरुणानें प्रथम आढेवेढे घेतले, पण मग तो आला. त्यांनीं लग्नापूर्वीं काढलेला परवाना जवळ होता. हात मात्र बसलेला नव्हता, म्हणून आधीं महिनाभर शिकवणीच्या गाडीवर सराव केला होता. पहिली गाडी उंच छपराची. सासूबाई तींत सहज बसल्या, उतरल्या, आणि प्रसन्न झाल्या. दुसरी बसकी, तींत शिरतांना त्यांना दाराच्या कडेचा आधार घ्यावा लागला. सूनबाई मात्र दुसरींतून उतरल्या तेव्हां त्यांचे खांदे सैल होते. महामार्गावर दोन्ही बाजूंनीं ट्रक जात असतां या गाडींत आपण घट्ट बसलों आहों असें वाटलें, एवढेंच त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढें म्हणाल्या, "पण आईंना पहिली बरी पडेल. ती घेऊं."

स्नेह्यांनीं मान डोलावली. प्रश्न सुटला असेंच सर्वांना वाटलें. तेव्हां सासूबाई म्हणाल्या, "मी आठवड्यांतून एकदां बसणार, तेंही देवळापर्यंत. ती रोज जाणार. पडली ती, आणि गाडी माझ्या गुडघ्यांना विचारून घ्यावयाची काय?"

दोन्ही गाड्यांचीं नांवें आम्ही मुद्दामच देत नाहीं. कारण दुसऱ्या एखाद्या घरीं, दुसऱ्या उंचीच्या चालकाला, याच्या अगदीं उलट अनुभव येईल. दसऱ्याला घेतलेली ती गाडी पेट्रोलची, एएमटीची, छपराला कांच नसलेली, आणि सहा एअरबॅगांची आहे. रंग कोणता असावा एवढें ठरविण्याचा मान सूनबाईंनीं मामंजींना दिला. त्यांनीं पांढरा निवडला. सासूबाईंसाठीं मागील दाराच्या वर धरावयाची मूठ आहे आणि खालीं पायाशीं ठेवावयास चिरंजिवांनीं एक लहान चौरंग करून आणला आहे. स्कूटर विकलेली नाहीं. ती सोसायटींत खांबाला लागून उभी असते, आणि आमचे स्नेही तिच्यावरून मंडईंत भाजीला जातात. हेल्मेट घालून, हें सांगितलें पाहिजे, कारण पूर्वीं ते घालीत नसत.